गिअरबॉक्स बदलून पेट्रोल वाचेल का?

बचत गटाच्या बैठकीत कर्ज मागायला कारणं नेहमीची असतात: शिलाई मशीन, म्हैस, मुलाची फी, दवाखाना. पण मागच्या महिन्यात चाकणच्या आमच्या एका गटात एक ताई म्हणाल्या, "मला सत्तर हजार हवेत, गाडीचा गिअरबॉक्स बदलायला." सगळ्या हसल्या. मी मात्र हसले नाही, कारण त्या ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यांचे सासरे फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावात घेतलेली जोंगा आहे. जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसानच्या नमुन्यावर बनलेली ही गाडी. सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन. शेती मंचरजवळ, म्हणून महिन्याला पाच फेऱ्या तिकडे, म्हणजे 300 किलोमीटर. शिवाय चाकणमध्येच 150 किलोमीटर फिरणं होतं. पेट्रोल लागायचं महिन्याला 100 लिटर. लिटरला 105 रुपये धरा, साडेदहा हजार झाले. मेकॅनिकनं सांगितलं, "पाच गिअरचा बॉक्स बसवू, पेट्रोल निम्म्यावर येईल." कर्ज ताईंच्या नावावर, हप्ता त्यांच्या शिवणकामातून आणि गाडी सासऱ्यांच्या नावावर.

मी म्हटलं, आधी समजून घेऊ, मग सही करू.

गिअर म्हणजे काय, ते पायमशीन चालवणारीला पटकन कळेल. खाली मोठं चाक, वर लहान. खालचं एकदा फिरलं की वरचं कितीतरी वेळा फिरतं. गाडीत पहिल्या गिअरला याच्या उलट असतं. इंजिन पुष्कळ फिरतं आणि चाक थोडं, म्हणून ओढायची ताकद मिळते. या जुन्या जोंगाच्या वरच्या गिअरला इंजिनाचा एक फेरा म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या शाफ्टचाही एक फेरा. नव्या बॉक्सच्या पाचव्या गिअरला इंजिनाचे साधारण 80 फेरे झाले की शाफ्टचे 100 होतात. गाडीचा वेग तोच, पण इंजिन वीस टक्के कमी फिरतं. आवाज कमी, झीज कमी. इथपर्यंत मेकॅनिकचं बरोबर आहे.

पण फेरे वीस टक्के कमी झाले म्हणजे पेट्रोलही वीस टक्के वाचलं, असं होत नाही. समोरचा वारा कापायला आणि गाडीचं वजन ढकलायला लागणारी ताकद तेवढीच राहते. वाचतं ते इंजिनाच्या आतलं घर्षण आणि हवा ओढून घेण्यातला ताण. हिशोबाला आपण दहा टक्के धरू. तेही मोकळ्या रस्त्यावर, एकसारख्या वेगानं जाताना. चाकणच्या तळेगाव चौकात अर्धा तास अडकल्यावर पाचवा गिअर पडतच नाही. एवढं मोठं इंजिन जागेवर उभं राहूनही तासाला लिटरभर तरी पेट्रोल पितं. घाट लागला की पुन्हा खालचाच गिअर टाकावा लागतो.

आता फळ्यावर मांडलेला हिशोब ऐका. नाशिक रस्त्यावर गाडी लिटरला सहा किलोमीटर देते. 300 किलोमीटरला 50 लिटर लागले. दहा टक्के म्हणजे 5 लिटर वाचले. 5 गुणिले 105, म्हणजे महिन्याला 525 रुपये. आमच्या गटाचं व्याज महिना शेकडा एक रुपया. सत्तर हजारांचं पहिल्या महिन्याचं व्याजच 700 रुपये! बचत 525 आणि व्याज 700. मुद्दल अजून बाजूलाच. बिनव्याजी पैसे मिळाले असते, तरी ते फिटायला अकरा वर्षं लागली असती. फळ्यावर हे दिसलं आणि बैठक एकदम शांत झाली.

शिवाय सत्तर हजारांत काम संपतंच असं नाही. दुसऱ्या गाडीचा बॉक्स या इंजिनाला सरळ बसत नाही. मधली जोडपट्टी लेथवर करून घ्यावी लागते, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, क्लच प्लेट जुळवावी लागते. सहा सिलिंडरचा जोर सोसेल असाच बॉक्स हवा, हलका घेतला तर त्याचे दात तुटतात. मेकॅनिकनं पुढे असंही सुचवलं होतं की इंजिनच डिझेलचं टाकू. इंजिन बदललं तर आरसी बुकातली नोंद बदलते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे त्याला आरटीओची परवानगी लागते. ती न घेता बदल केला, तर उद्या अपघात झाल्यावर विम्याचा दावा अडू शकतो.

मग काय केलं? आधी गाडी तपासून घेतली. एका चाकाचा ब्रेक घासत होता, चोक अडकलेला होता, टायरमध्ये हवा कमी होती. प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. खर्च चार हजार. सासऱ्यांना सांगितलं, "आप्पा, हायवेला ऐंशीऐवजी साठनं चला." वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून हळू जाण्यात फुकटची बचत आहे. पुढच्या महिन्यात 100 लिटरच्या जागी 90 लिटर लागले. चार हजार चार महिन्यांत वसूल.

हे मोजायचं कसं? टाकी काठोकाठ भरा, मीटरचा आकडा वहीत लिहा. आठवड्यानं पुन्हा काठोकाठ भरा. जितके किलोमीटर झाले, त्याला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरनं भागा. स्कूटी असो की टेम्पो, रीत हीच. असा आकडा हाताशी नसेल, तर "निम्म्यावर येईल" या शब्दावर विश्वास ठेवू नका.

आप्पांची ती गाडी म्हणजे त्यांची फौज आहे, हे मला कळतं. पाचवा गिअर लावायची हौस असेल तर त्यांनी जरूर लावावा, पण हौसेच्या पैशातून. सुनेच्या नावावर कर्ज काढून त्याला बचत म्हणू नये. ताईंनी अर्ज मागे घेतला. मैत्रिणींनो, तुमच्या नावावर कोणी कर्ज काढायला सांगितलं, तर आधी दोन आकडे मागा: महिन्याला वाचणार किती आणि व्याज जाणार किती. पहिला आकडा लहान असेल, तर सही करू नका.