सूट, हुकूम आणि गुलाम

वर्धा जिल्ह्यात 'सिंदी' एवढेच नाव पुरत नाही. वर्धा शहराजवळ सिंदी (मेघे) आहे. म्हणून नागपूर–वर्धा लोहमार्गावरील सिंदीच्या नावापुढे कंसात 'रेल्वे' लिहावे लागते. कंस राहून गेला की टपाल भलत्या गावी जाण्याची धास्ती असते. शब्दांना मात्र असा कंस कोणी जोडून देत नाही. एकच शब्द न्यायालयात, शिंप्याच्या दुकानात आणि पत्त्यांच्या डावात निरनिराळी कामे करतो. त्याचा त्या वेळचा अर्थ सोबतच्या शब्दांवरून ओळखावा लागतो.

इंग्रजीतील 'सूट' हा शब्द याचे उत्तम उदाहरण. त्याचे मूळ 'मागे जाणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. एकाला एक जुळणाऱ्या कपड्यांचा जोड तो सूट, न्यायालयात हक्काचा केलेला पाठपुरावा तोही सूट आणि पत्त्यांत एकाच चिन्हाची तेरा पाने मिळून होतो तोदेखील सूटच. ज्या रंगाची उतारी झाली त्याच रंगाचे पान टाकणे याला इंग्रज खेळाडू 'फॉलो सूट' म्हणतात. पुढे एखाद्याचे अनुकरण करण्यालाही तेच शब्द लागू झाले. मराठीत तर चौथा सूट आधीपासून नांदत आहे. थकलेला कर्जदार व्याजात सूट मागतो आणि बँक त्याच्यावर सूट दाखल करते! ही दोन्ही वाक्ये एकाच कार्यालयात, कधी कधी एकाच फायलीवर उच्चारली जातात. सुदैवाने मराठीने न्यायालयातील सूटला 'दावा' व पत्त्यांतील सूटला 'रंग' असे स्वतंत्र शब्द दिले आहेत.

तथापि मराठीही या गमतीतून सुटलेली नाही. दाव्याचा निकाल लागला की निघतो तो हुकूमनामा आणि डावात ज्या रंगाची सत्ता चालते तो हुकूम. इंग्रजीत या सत्ताधारी रंगाला 'ट्रम्प' म्हणतात. तो शब्द 'विजय' या अर्थाच्या 'ट्रायम्फ'वरून आला. इंग्रजांच्या डोळ्यांपुढे विजयाची मिरवणूक होती, तर आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांपुढे दरबाराचे फर्मान.

विदर्भात आणखी एक पेच असतो. येथील अनेक जैन घरांत बोलणे हिंदी वा मारवाडी आणि शेजार मराठी. नागपूरकडे रोज ये-जा करणाऱ्यांच्या डब्यातही दोन्ही भाषा एकाच बाकावर बसतात. मराठी माणसाचा 'हुकूम' प्रत्येक डावात बदलतो; हिंदी माणसाचा 'हुकुम' म्हणजे कायमचा काळा इस्पिक. त्याच्या सत्ताधारी रंगाचे नाव 'तुरुप'. मराठीत 'पान' म्हणजे कोणताही पत्ता. हिंदीत 'पान' म्हणजे नेमका बदाम. तेव्हा 'हुकूम टाक' असे भिडूला सांगण्यापूर्वी तो कोणत्या भाषेत खेळतो, हे ठाऊक असलेले बरे.

चिन्हांच्या नावांत इंग्रजीने मोठाच घोळ घातला आहे. आज जगभर दिसणारी चार चिन्हे फ्रान्समधून आली, परंतु त्यांतील दोन काळ्या चिन्हांची नावे इंग्रजीने स्पेन-इटलीकडील जुन्या पत्त्यांवरून उचलली. तेथे तलवार आणि सोटा ही चिन्हे होती. म्हणून 'स्पेड' हे नाव मुळात तलवारीचे आहे. मातीत चालणाऱ्या फावड्याशी या पत्त्याचा थेट संबंध नाही, जरी शाळेत तसेच सांगितले जाते. 'क्लब' म्हणजे सोटा. चित्र मात्र तीन पाकळ्यांच्या गवती पानाचे. मराठी 'किल्वर' त्या चित्राशी अधिक प्रामाणिक राहिला. त्या पानाला इंग्रजीत 'क्लोव्हर' आणि डच भाषेत 'क्लाव्हर' म्हणतात. डच लोक पत्त्यातील त्या रंगालाही हेच नाव देतात. लाल चिन्हांत इंग्रजांना हृदय आणि हिरा दिसला, मराठी माणसाला बदाम आणि चौकट. पुढे झाडाच्या खोडावर कोरलेल्या हृदयालाही आपण बदामच म्हणू लागलो, हा पत्त्यांचाच प्रताप म्हणावा लागेल.

सर्वांत विलक्षण प्रवास गुलामाचा आहे. आजचा 'जॅक' इंग्रजीत पूर्वी 'नेव्ह' होता. या शब्दाचा मूळ अर्थ केवळ मुलगा. नंतर तो चाकर झाला आणि अखेरीस लुच्चा. अरबीतील 'गुलाम'चाही पहिला अर्थ मुलगा, तरुण असाच होता. पुढे तो चाकर आणि मग विकत घेतलेला दास झाला. दोन दूरच्या भाषांनी घरातील पोराला कामाला जुंपले आणि अखेर एकाच पत्त्यावर आणून बसवले. 'नेव्ह' जाऊन 'जॅक' का रूढ झाला, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. कोपऱ्यात अक्षरे छापू लागल्यावर राजाचे अक्षर आणि नेव्हची दोन अक्षरे यांत गल्लत होई. त्यापूर्वी मात्र 'जॅक' म्हणणे गावंढळ मानले जाई. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या 1860–61 मधील कादंबरीत एस्टेला त्याच शब्दावरून गरीब पिपची टर उडवते.

'एस' हे मूळ एका रोमन तांब्याच्या नाण्याचे नाव. कार्यालयातील 'डिस्कार्ड' हाही हातातील नको असलेले पान टाकण्यातून निघालेला शब्द. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या वृत्तपत्रांत कोणाचा ना कोणाचा 'पत्ता कट' होतोच.

इथवर सारे मौजेचे आहे. परंतु मोबाइलवरील रमीने जे शब्द उसने घेतले, ते बँकेचे होते: डिपॉझिट, बोनस, वॉलेट, विथड्रॉअल. ठेवीच्या खिडकीवर ऐकलेले हे शब्द पाहून अनेक तरुणांना आपण काही गुंतवणूक करीत आहोत असे वाटले. सप्तव्यसनांत द्यूत पहिले आहे, हे पाठ असलेल्या घरांतही हा शब्दांचा वेष ओळखला गेलाच असे नाही. बोनस पडद्यावर चमकतो. पासबुकात दिसते ती नावे पडलेली रक्कम. जाहिराती 'कौशल्याचा खेळ' असे म्हणत. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीत कौशल्य प्रमुख असल्याचे म्हटले होते, हे खरे. मात्र पैजेच्या खेळातून जागेचा मालक किंवा क्लब नफा कमावत असेल तर गुन्हा ठरू शकतो, हेही त्याच निकालात लिहिलेले होते. जाहिरातींनी ते वाक्य गाळले. अखेर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा, असा भेदच ठेवलेला नाही.