आधी कॉक बंद करा

सकाळी 7:10
पहिला फोन चहा गाळतानाच येतो. पेणच्या कासार आळीतल्या काकू. "अरे, भिंतीतनं पाणी फुटलंय!"
"गच्चीवरचा कॉक बंद केलात?"
केलेला नसतो. कधीच नसतो. "आधी तो करा. निघालोच."
मामा प्लंबर आहे, पंचेचाळिशीचा. त्याला मामा म्हणतो तो हाताखालचा भाचा, पण आता सगळी आळीच म्हणते, म्हणून मीही. भाच्याला रोज 500 रुपये. स्कूटरवर पायाशी पिशवी: दोन पाइप पाने, हॅक्सॉ, छिन्नी, हातोडी, टेफ्लॉन टेपची रिळं आणि वॉशरांनी भरलेला जुना डबा.

8:00
न्हाणीघरातला नळ टपकत होता. काकांनी रात्री तो पान्याने आवळला. टपकणं थांबेना म्हणून आणखी आवळला. भिंतीतला एल्बो तडकला.
भाचा टाइल फोडतो. मामा तडकलेला तुकडा कापून पितळी आट्यांचा नवा एल्बो बसवतो, सोल्युशन लावून पाव फेरा फिरवतो आणि तसाच दाबून धरतो. सोडला तर पाइप मागे सरकतो.
मग जुन्या नळाची चावी खोलून काकांच्या हातावर झिजलेला वॉशर ठेवतो. "5 रुपयांचा. कॉक बंद करून हा तुम्हीच बदलला असतात. भिंतीच्या आत गेलं की मात्र मला बोलवा."
सामान 180, मजुरी 700. टाइलचा मिस्त्री वेगळा. काका काही बोलत नाहीत, काकू बोलतात. ते इथे लिहीत नाही.
"पाणी संध्याकाळी सोडायचं. मी येऊन बघीन."

10:45
हार्डवेअरचं दुकान. दोन इंची पाइप, दोन कपलिंग, ब्लेड. सामान वहीत उधार, ब्लेडचे रोख.

11:15
कुंभार आळीतला गणपतींचा कारखाना. फळ्यांवर बिनरंगाच्या मूर्ती, जमिनीवर रबरी साचे. मोरी तुंबलीय, पाणी पायरीपर्यंत आलंय.
मामा आधी विचारतो, "ॲसिड किती ओतलंत?"
"दोन बाटल्या."
मग घाई नाही. चष्मा चढवायचा, भाच्याला मागे उभं करायचं, भरपूर पाणी ओतून साचलेलं पातळ करायचं. ॲसिड पाइपात बसून राहतं आणि तोंड उघडलं की अंगावर येतं. तुंबलेल्या मोरीत काय ओतलंय ते प्लंबरला न विचारताच सांगावं. लोक लपवतात.
स्प्रिंग दोन फूट जाते आणि अडते. मामा हातोडीच्या दांड्याने पाइप ठोकत पुढे सरकतो. पोकळ, पोकळ, मग एकदम बद्द. तिथे खडूने रेघ. आणखी तीन फुटांवर आवाज पुन्हा पोकळ. दुसरी रेघ. तेवढाच कापायचा.
कापल्यावर आतून हाडासारखा पांढरा दांडा निघतो, पाइपाच्याच मापाचा. त्यात काथ्या. मूर्ती मजबूत व्हावी म्हणून प्लास्टरमध्ये घातलेला काथ्या बादल्या धुताना इथे आला आणि त्याने पाइपातही मजबुती आणली. भाचा हातोडी घालतो, तरी दांडा सहज तुटत नाही.
"माती पाण्याने जाते," मामा कारखानदाराला सांगतो. "प्लास्टर पाण्यातच घट्ट होतं. त्याला ॲसिड काय करणार? हात, बादल्या पिंपात धुवा. खाली बसेल ते फावड्याने काढा, वरचं पाणीच मोरीत सोडा."
मजुरी 1500 ठरते. हातात 1000 येतात. उरलेले गणपती झाल्यावर.

दुपारी 2:00
डबा. भाकरी, सुकट.

3:00
वढाव, खारेपाट. या पट्ट्यात नळाला पाणी आलं की आधी जमिनीतली टाकी भरून घ्यायची, मग मोटरने वर चढवायचं. तालुक्यातल्याच हेटवणे धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं. इथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.
मोटर फिरतेय, पाणी चढत नाही. आदल्या दिवशी वायरमनने कंडेन्सर बदलून 250 नेले.
मामा मोटरवरचा बूच काढून तांब्याने पाणी ओततो. पातळी हळूहळू खाली जाते. पाइप वर ओढतो. फूट व्हॉल्व्हच्या झडपेत एक खडा. नखाने काढतो.
"मोटर घुमते पण फिरत नाही, तर वायरमन. फिरते पण ओढत नाही, तर आधी तांब्याभर पाणी ओतून बघा, मग मी."
300 रुपये. आजी म्हणतात, "खडा काढायचं तीनशे?"
"खडा फुकट, आजी. येण्याजाण्याचे आणि पाइप ओढायचे."

संध्याकाळी 6:30
पुन्हा कासार आळी. कॉक हळूहळू उघडतो. जोडाला वर्तमानपत्राचा कपटा गुंडाळून दहा मिनिटं थांबतो. कोरा. चहा होतो. काका वॉशर किती मापाचा ते विचारून घेतात.

7:30
हिशेब. हातात आले 2000, सामानाचे सोडून. भाच्याचे 500, पेट्रोल 120, मोडलेली दोन ब्लेडं 40. राहिले 1340. उद्या एकही फोन आला नाही तर हेच दोन दिवसांचे.

रात्री 9:20
फोन. वरची टाकी भरून वाहतेय, बॉल कॉक बंदच होत नाही, आत्ता या.
"टाकीवर काठी आडवी टाका. बॉल वर उचला आणि सुतळीने काठीला बांधा. थांबलं?"
पलीकडे शिडीचा आवाज, कुणाला तरी हाका.
"थांबलं."
"मग सकाळी येतो. पाणी हवं असेल तेव्हा सुतळी सोडा."
या फोनचे पैसे नाहीत.