‘नको’ म्हणण्याचा सराव

मुलाला पोहावयास शिकविताना आपण त्याला विहिरीच्या खोलीवर व्याख्यान देत नाही. पाठीला भोपळा बांधून त्याला पाण्यात उतरवितो आणि स्वतः काठावर उभे राहतो. व्यसनाच्या बाबतीत मात्र आपल्या शाळांनी फार काळ व्याख्यानावरच भिस्त ठेवली. 26 जूनच्या मादकद्रव्यविरोधी दिनी पाहुणे येतात, काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवितात आणि मुले हात पुढे करून शपथ घेतात. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कोपऱ्यावर सोबती पुडी पुढे करतो, तेव्हा नेमके काय बोलावे हे कोणीच शिकविलेले नसते.

नवा रायपूरसारख्या शहरात या प्रश्नाला वेगळीच धार आहे. जुन्या रायपूरपासून काही मैलांवर आखून वसविलेल्या या राजधानीत 2012 साली छत्तीसगढचे मंत्रालय आले. रुंद रस्ते आणि सरकारी वसाहती उभ्या राहिल्या, तरी सेक्टरांच्या मधोमध जुनी गावे नांदतच आहेत. 1956 पर्यंत या मुलुखाचा कारभार नागपुराहून चाले, आणि रायपुरातील मराठी कुटुंबे कित्येक पिढ्यांची आहेत. बदलीच्या नोकरीमुळे येथे आलेल्या घरातील मूल नव्या शाळेत पाऊल टाकते, तेव्हा त्याला सर्वांत अधिक निकड असते ती सोबत्यांनी आपल्याला आपले म्हणावे याची. नेमक्या अशा वेळी ‘नको’ हा दोन अक्षरी शब्द उच्चारणे किती कठीण असते, हे आपण मोठी माणसे विसरून जातो.

शिवाय येथे तंबाखूला कोणी व्यसन मानीत नाही. आपल्याकडे जशी मिश्री, तसा छत्तीसगढात गुडाखू. तंबाखू आणि गूळ यांचा हा काळा लगदा बोटाने दातांवर घासतात. आजी तो सकाळी घासते, म्हणून नातवाला ते दंतमंजनच वाटते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत छत्तीसगढातील 39.1 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण 26.6 टक्के होते. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या व 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतील एक आकडा तर पालकांची झोप उडविणारा आहे. हुंगून नशा करण्याचे पदार्थ, म्हणजे खोडद्रव, पंक्चरचे सोल्यूशन आणि तत्सम वस्तू, मोठ्यांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वर्षांच्या मुलांत 1.17 टक्के! बाकी सर्व नशांत मोठी माणसे पुढे आहेत; येथे मात्र मुले. आणि ही वस्तू मिळते कोठे, तर वह्या-पेन्सिलींच्या दुकानात.

मग शाळेने करावे तरी काय? अमेरिकेचा अनुभव येथे उद्‌बोधक आहे. 1983 साली लॉस एंजल्समध्ये पोलिसांनी वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांविषयी सावध करण्याची एक योजना निघाली. ती देशभर पसरली, लोकप्रियही झाली. परंतु पुढील अभ्यासांत तिचा परिणाम नगण्य ठरला. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठातील गिल्बर्ट बॉटविन यांनी दुसरी वाट धरली. विषाची वर्णने कमी करून त्यांनी मुलांना निर्णय घेणे, चिंता आवरणे आणि आग्रह मोडून काढणे यांचे धडे दिले. सातवीत मुख्य पाठ आणि आठवी-नववीत उजळणी, असा त्यांचा क्रम होता. 56 शाळांतील मुलांची बारावीत तपासणी करून 1995 साली निष्कर्ष छापले गेले. जेथे धडे नीट पुरे झाले होते, तेथे व्यसनाचे प्रमाण लक्षणीय कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी दिली. आपल्या केंद्र सरकारचा ‘नवचेतना’ हा शालेय उपक्रम याच विचारावर उभा आहे.

असा तास प्रत्यक्षात कसा चालतो, हे पाहण्याजोगे आहे. दोन विद्यार्थी पुढे येतात. एक पुडी देऊ करणारा, दुसरा नाकारणारा. पहिल्या खेपेस नाकारणारा हसतो, चाचरतो, मग म्हणतो, “आई रागावेल.” दुसरा तत्काळ उत्तरतो, “आईला सांगतंय कोण?” वर्ग हसतो, आणि धडा येथेच सुरू होतो. जे कारण खोडून काढता येते ते देऊ नये. “मला नको” एवढेच नीट मान वर करून म्हणावे, लगोलग दुसरे काही सुचवावे, “चल, मैदानावर जाऊ”, आणि पाऊल उचलावे. मग भूमिकांची अदलाबदल होते. चार-पाच वेळा घोकल्यावर जीभ वळते. त्यानंतर शिक्षक विचारतात, “तुमच्या वयाच्या शंभरांतील किती मुले तंबाखू वापरत असतील?” मुले चाळीस म्हणतात, साठ म्हणतात. 2019 च्या पाहणीनुसार देशातील 13 ते 15 वर्षांच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण 8.5 टक्के होते, हे कळल्यावर ‘सगळेच खातात’ या भीतीतली हवाच निघून जाते.

अर्थात, खिशात तंबाखूची डबी बाळगणाऱ्या गुरुजींनी हा तास घेऊ नये, हे सांगावयास नकोच. तसेच तो कवायतीच्या किंवा गणिताच्या तासातून उसना घेतलेला नसावा. वेळापत्रकात त्याची स्वतःची जागा हवी, आणि तीही वर्षानुवर्षे. शाळेबाहेरचे गाव मात्र शाळेच्या हाती नसते. छत्तीसगढला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी 2016 पासून ‘मुक्तिपथ’ चालविला तो याच जाणिवेने. खर्रा गावात मिळतच राहिला, तर वर्गातला ‘नको’ किती दिवस टिकणार?

पालकहो, तुमच्या वाट्याला दोन-तीन गोष्टी येतात. घरातील मिश्री वा गुडाखूची डबी आणावयास मुलाला दुकानात धाडू नका. 2003 च्या कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई आहे. तसे दुकान दिसल्यास मुख्याध्यापकांसह लेखी तक्रार करा. अल्पवयीन मुलाला दारू, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास 2015 च्या बालन्याय कायद्यान्वये सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आणि मूल आधीच वाट चुकले असेल, तर त्याला मारहाण करण्यापूर्वी किंवा शाळेतून नाव काढण्यापूर्वी 14446 या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करा. समुपदेशक तेथे सल्ला देतात.