फाळक्यावरचे दोन हात

संपादकांनी पाठवले होते ट्रकवरच्या चित्रांबद्दल लिहायला. कोल्हापूरजवळच्या एका शेडमध्ये जुना टाटा-मर्सिडीज उभा आहे आणि एक म्हातारे पेंटर त्याच्यावर काम करताहेत, एवढाच निरोप होता. शेडमध्ये पाऊल टाकले तर ताज्या रंगाचा वास नाही, कॉम्प्रेसरचा आवाज नाही. सत्तरी ओलांडलेले पेंटर स्टुलावर बसले होते. काडीला गुंडाळलेला ओला कापूस ते फाळक्यावर पोळीच्या कडा लाटाव्यात तसा हलक्या हाताने लाटत होते. एक फेरा झाला की कापूस उजेडात धरून बघायचे. काळपट आला तर पुढे जायचे. निळसर आला तर हात तिथेच थांबायचा, कारण आता मळ संपला, रंग यायला लागला.

“नवा रंग देताय ना मामा?” मी विचारले.

“न्हाई ताई. हाय तो पडू नये म्हणून बसलोय.”

गाडीचा कुळवृत्तांत थोडक्यात सांगते. टाटांची टेल्को कंपनी १९४५ ची, जमशेदपूरला आधी रेल्वेची इंजिने करणारी. १९५४ मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी तिचा करार झाला आणि टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आले. १९६९ मध्ये करार संपला, तशी नाकावरची तीन टोकांची चांदणी गेली. या गाडीच्या नाकावर ती अजून आहे. म्हणजे वय पन्नाशीच्या पुष्कळ पुढे. मालकाच्या आजोबांनी ती घेतली, शाहूपुरीतला गूळ भरून गुजरातच्या वाटेला लावली.

त्या काळी कारखान्यातून ट्रक यायचा तो मुख्यतः चेसी आणि इंजिनाच्या रूपात. हौदा, फाळका, पुष्कळदा केबिनसुद्धा इथलेच सुतार आणि मिस्त्री बांधायचे. अंगावरचा रंग मालकाच्या आवडीचा आणि पेंटरच्या हाताचा. त्यामुळे अशा गाडीला ‘कंपनीचा मूळ रंग’ असे म्हणावे तरी कशाला, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो.

रंगाच्या एका थराला आपण ‘एक हात’ म्हणतो. मामांनी मला दारावरचा नखाएवढा टवका दाखवला, भिंग हातात दिले आणि हात मोजायला सांगितले. तळाला पत्रा, त्यावर शेंदरी प्रायमर, मग हिरवा, निळा, पुन्हा निळा, तपकिरी, पिवळा, वर परत निळा. कधी पासिंगला एक हात, कधी दसऱ्याला एक हात. तपकिरी थरापाशी मामांची काडी थांबली. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत नॅशनल परमिटच्या ट्रकला वाळक्या पानाचा तपकिरी रंग आणि तीस सेंटिमीटरची पांढरी किनार सांगितलेली होती. म्हणजे या तपकिरी हाताच्या वर्षी गाडीने नॅशनल परमिट काढले असावे. घरातली जुनी कागदपत्रे पुरात गेली. तारीख गेली, पण तपकिरी रंग राहिला.

ड्रायव्हरच्या दाराची वरची कड मी बराच वेळ बघत राहिले. तिथे सगळे हात झिजून खालचा पत्रा उघडा पडला आहे, आणि तो गंजलेला नाही, गुळगुळीत काळपट चमकतो आहे. खिडकीबाहेर कोपर टेकवून कितीतरी वर्षे कुणीतरी रात्री काढल्या त्याची ती जागा. पॅटिना म्हणतात तो हाच. आपल्याकडे देवघरातल्या पितळेला चिंच लावून लख्ख करायची सवय, त्यामुळे वापराने आलेल्या या रंगाला आपण चटकन ‘किटण’ म्हणून मोकळे होतो. इथे चिंच लावली तर तो कोपर पुसला जाईल.

२०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीवरचे शेंदराचे थर काढले आणि आतले मूळ रूप दिसले, तेव्हा सगळा महाराष्ट्र हरखला होता. ट्रकचे तसे नाही. त्याचे थर उतरवत गेले तर तळाशी मूळ रूप नसून कोरा पत्रा भेटतो. त्याचे रूप या थरांतच आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिव्हाने, २०१२ मध्ये इटलीत तुरीनची सनद मंजूर केली. गाडीत तिच्या आयुष्यभर होत गेलेले बदलही तिच्या इतिहासाचा भाग आहेत, असे ती सनद मानते. मामांनी ती वाचलेली नाही. ते कापूस बघून तिथेच पोचले आहेत.

काम चालते असे. आधी एका कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, साधे शुद्ध पाणी लावून बघायचे. मग सौम्य साबणाचे थेंब. उन्हाने ऑइलपेंटमधले रंग धरून ठेवणारे तेल मरते आणि वर नुसती भुकटी उरते; बोट फिरवले तर बोट निळे होते. असा रंग फडक्याने पुसला की संपला. जिथे टवका उचलला आहे तिथे ॲसिटोनमध्ये विरघळवलेला ॲक्रिलिक रेझिन बारीक ब्रशाने कडेला नुसता टेकवायचा. तो आपणहून आत ओढला जातो. मग वरून हलका दाब. गंजावर टॅनिक ॲसिड. मालकाने त्या ॲसिडची बाटली आणली तेव्हा मामा म्हणाले, “हा तर हिरडाच की.” खरेच आहे. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग धरतो, हे जुन्या रंगाऱ्यांना ठाऊक होते. हिरड्यातले टॅनिन गंजातल्या लोखंडाशी मिळून तसाच काळा, बऱ्यापैकी स्थिर थर बनवते. शेवटी अगदी पातळ मेण आणि मलमलचा हात. पॉलिशपेपर शेडमध्ये आणायचाच नाही असा नियम आहे, कारण शेंदरी प्रायमरमध्ये शिसे असते आणि कोरडे घासले तर ते थेट छातीत जाते.

फाळक्यापाशी मात्र मामांचे काम महिनाभर अडलेले आहे. तिथे ‘आईचा आशीर्वाद’ ही अक्षरे आहेत, लाल, पांढऱ्या सावलीची. ती मामांनी स्वतः लिहिली, चाळीसेक वर्षांपूर्वी. आता तो लाल जागोजाग उडाला आहे आणि खालून दुसरी अक्षरे डोकावताहेत. शब्द तेच, पण वेलांटी मोठ्या वळणाची, ‘श’ची गाठ घट्ट. ती त्यांच्या उस्तादांची. खारीच्या केसांचा ब्रश धरायला ज्यांनी शिकवले त्यांचे अक्षर मामांनी उमेदीत स्वतःच्या अक्षराखाली झाकले होते.

“माझं पुसलं तर त्यांचं सगळं दिसंल,” ते म्हणाले. “पर मग माझं बी तर कुटं दुसरीकडं ऱ्हायलं न्हाई.” हे खरे आहे. त्यांनी रंगवलेल्या बाकीच्या गाड्या भंगारात गेल्या. त्या फाळक्यावर दोघांचे हात एकमेकांत गुंतून बसले आहेत आणि कापूस लाटणारा माणूस त्यांतलाच एक आहे. सध्या दोन्ही जसे आहेत तसे ठेवायचे ठरले आहे. ब्रश मात्र रोज स्टुलाशेजारी असतो. उडालेला काना पुन्हा भरण्याचा मोह किती मोठा असेल, ते मला त्यांच्या बोटांकडे बघून कळत होते.

आणि अडचणी पुढे आहेतच. पहिली पावसाची. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून रंगाला ढकलून उचलतो. पत्र्याच्या दुमडीत कधीकाळी पाघळलेला गूळ शिरला आहे. तो हवेतली ओल धरून ठेवतो. ती दुमड उघडायची तर रंग फुटतो, न उघडावी तर पत्रा जातो. सल्ले पुष्कळ मिळतात. जवसाचे उकळलेले तेल चोळा, सांगतात. गाडी त्या दिवशी खुलते, पुढे तेल काळवंडते, धूळ धरते, आणि तेलाच्या चिंध्या ढिगात पडल्या तर आपोआप पेट घेतात. क्लिअर लॅकर मारा, सांगतात. ओल खाली कोंडणारा असला वज्रलेप पुढे काढायचा झाला तर रंगासकट निघतो.

दुसरी अडचण गाडी चालवायची की नाही ही. नुसती उभी ठेवली तर इंजिनाची सिले कडक होतात. चालवली तर थरथरीने टवके पडतात. रस्त्यावर आणायची तर कागद लागतात. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, पण त्यांची भाषा बिगरव्यापारी दुचाकी-चारचाकींची आहे. मागे जोडचाके असलेल्या मालट्रकला त्यात कुठे बसवायचे? मालवाहू म्हणून ठेवावे तर फिटनेस आला, आणि फिटनेस म्हटला की गावातला प्रत्येक जण आपुलकीने एकच गोष्ट सुचवतो: एक हात मारून घ्या.

तिसरी अडचण हातांची. ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली, तरी पेंटरांची खरी जागा घेतली रेडियमने. मशीनवर कापलेली अक्षरे तासाभरात चिकटतात. मामांकडे शिकायला कुणी नाही. अक्षर कसे लिहिले गेले हे ज्याला हातात ठाऊक नाही, त्याने टवका कुठल्या दिशेने दाबायचा?

शेवटची अडचण घरातली. मालकाच्या आजी दसऱ्याची वाट बघताहेत. ज्या गाडीने तीन पोरींची लग्ने केली ती खंडेनवमीला पोपडे निघालेल्या अंगाने उभी राहणार, हे त्यांना सोसत नाही. गाडीवरची माया दाखवायची ती रंगाचा नवा हात देऊन, हीच रीत त्या जन्मभर पाळत आल्या. त्यांना हट्टी म्हणायला माझी जीभ वळत नाही. नातवाने त्यांना हाताला धरून ड्रायव्हरच्या दारापाशी नेले आणि कोपराची ती झिजलेली कड दाखवली. आजींनी पदराने हात पुसला, मग कडेवर ठेवला. “ह्ये रोज इथंच टेकायचे,” एवढेच म्हणाल्या.

तडजोड अशी ठरली आहे: झेंडूचे तोरण दोरी बांधायच्या कड्यांना, हळदकुंकू टायरला आणि स्टिअरिंगला. नाकाला काही नाही. नव्या हाताबद्दल आजी काही बोलल्या नाहीत. होकार दिला की नुसत्या गप्प बसल्या, ते दसऱ्यालाच कळेल.

मी निघाले तेव्हा पत्र्यावर पावसाचे थेंब वाजायला लागले. मामांनी शेडचे दार ओढून घेतले, दिवा फाळक्याच्या खालच्या कडेजवळ आणला. तिथे काल नव्हता असा मसुराएवढा फोड आला होता. त्यांनी काडीला नवा कापूस गुंडाळला.