बार्सिलोनात भाड्याचं घर घेताय? आधी हे बघा

आजचा भाग आहे आई-बाबांना घेऊन युरोपातलं शहर बघायला निघालेल्यांसाठी. हॉटेल घ्यायचं की अपार्टमेंट? मी बार्सिलोनाबद्दल बोलतेय, कारण आम्ही पाच जण तिथे पाच रात्री अशाच घरात राहिलो. आई, बाबा, आम्ही दोघं आणि आमची सहा वर्षांची लेक.

आम्हाला घर हवं होतं ते स्वयंपाकघरासाठी. आईला मधुमेह आहे, साडेसातला जेवण लागतं. आणि स्पेनमध्ये बऱ्याच रेस्टॉरंटमध्ये रात्रीचं जेवणच साडेआठ-नऊला सुरू होतं! घरी मुगाची खिचडी टाकली की प्रश्न मिटला. फक्त शेगडी कुठली आहे ते विचारा. इंडक्शन असेल तर आपला साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही.

आता मजल्याची गंमत ऐका. जाहिरातीत ‘पहिला मजला’ लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. बार्सिलोनाच्या बऱ्याच जुन्या इमारतींत तळमजल्यावर ‘एन्त्रेसोल’, त्याच्यावर ‘प्रिन्सिपाल’, आणि मग कुठे ‘पहिला’ येतो. म्हणजे आपल्या हिशेबाने तो तिसरा! आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी घरमालकाला सरळ विचारलं होतं: रस्त्यावरच्या दारापासून फ्लॅटच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती? नुसतं ‘लिफ्ट आहे का’ विचारून भागत नाही. काही ठिकाणी लिफ्टपर्यंत पोहोचायलाच पायऱ्या चढाव्या लागतात.

पत्ताही वाचायला शिका. पत्त्याच्या शेवटी ३, २ असे आकडे असतील तर तिसरा मजला, दुसरं दार. रात्री बॅगा घेऊन शेजाऱ्याची बेल वाजवण्यापेक्षा हे आधी कळलेलं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परवाना. तिथे ३१ दिवसांपर्यंत पर्यटकांना घर द्यायचं तर परवाना लागतो. त्याचा नंबर ‘एचयूटीबी’ या अक्षरांनी सुरू होतो आणि तो जाहिरातीत असावा लागतो. महापालिकेच्या वेबसाइटवर तो तपासता येतो. नंबर नसेल तर पुढे जा, घर कितीही स्वस्त असो. बुकिंगनंतर पासपोर्टची माहिती मागतात. घाबरू नका, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे देणं मालकाला कायद्यानेच बंधनकारक आहे. माणशी रोजचा पर्यटन करही लागतो, १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना तो माफ आहे.

एवढी कडक तपासणी का? कारण तिथे हा घरांचा प्रश्न आहे. जून २०२४ मध्ये महापौर जाउमे कुल्बोनी यांनी जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-अपार्टमेंटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत. दहा वर्षांत भाडी ६८ टक्क्यांनी वाढली, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्या आपल्या वयाच्या मुला-मुलींना घर परवडत नाही. पुण्या-मुंबईत फ्लॅट शोधलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. घरमालकांचंही म्हणणं आहे: आमची कमाई जाईल आणि भाडी तरीही उतरणार नाहीत. मला दोन्ही बाजू पटतात, पण जिन्यात रोज भेटणारी माणसं पाहुणी नाहीत, ती तिथे राहतात, हे मला विसरायचं नसतं.

म्हणून आमच्या घरात साधे नियम होते. रात्री चाकांची बॅग जिन्यात ओढायची नाही, उचलायची. आतल्या चौकाकडच्या खिडकीत मोठ्याने फोनवर बोलायचं नाही, कारण तिथला आवाज सगळ्या मजल्यांवर जातो. आणि कचरा वेगळा: पिवळ्या पेटीत प्लास्टिक आणि डबे, निळ्यात कागद, हिरव्यात काच, तपकिरीत ओला कचरा, उरलेलं करड्या पेटीत. लेकीला तर हा खेळच वाटला!

रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवा.

तुम्ही कुठल्या शहरात असं राहिलात? तिथे काय विचारून घ्यायला हवं होतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर, काळजी घ्या!