भंगारात निघालेला लेलँड अनमोडचा घाट चढला

मंडळी, १ जून ते ३१ जुलै. बंदीचे हे ६१ दिवस आपले कसे जातात ते वेगळे सांगायला नको. जाळी शिवायची, बोट वर ओढायची, खरवडून रंगवायची, इंजिन उघडायचे आणि संध्याकाळी जेटीवर बसून पावसाला शिव्या घालायच्या. मालिमच्या आपल्या एका बोटमालकाने मात्र दोन बंद्या सहा टायरांच्या गाडीखाली झोपून काढल्या. गाडी म्हणजे १९७२ सालचा लेलँड कॉमेट ट्रक.

"नाव घालू नका," ते म्हणाले, "लोक भेटतील तिथे डिझेलचा हिशोब विचारतील." म्हणून आपण त्यांना भाऊ म्हणू, आणि त्यांच्या थोरल्या भावाला दादा.

बोटीआधी ट्रक होता

ही गाडी दोघा भावांनी १९८१ मध्ये जुनी घेतली. नंबर जीडी अक्षरांचा, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते त्या काळातला. दादा चालवायचे, भाऊ तेव्हा क्लीनर. संध्याकाळी बांगडे, तारले बर्फात भरून निघायचे. पणजी, फोंडा, मोले, मग अनमोडचा घाट, रामनगर, लोंढा, खानापूर आणि पहाटे बेळगावचा बाजार.

५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला आणि नवा पूल १९९२ ला झाला. मधली वर्षे ज्यांनी काढली त्यांना बेतीच्या फेरीसमोरची रांग आठवत असेल. दादा म्हणतात, "रांगेत तास गेला की बर्फाचे पाणी, आणि पाणी म्हणजे आपले पैसे वाहून चालले." तरी या गाडीच्या भाड्यावरच त्यांची पहिली बोट झाली. १९९८ मध्ये ट्रक घरामागे माडाखाली उभा राहिला, तो राहिलाच.

तीन वर्षांपूर्वी भंगारवाला येऊन सव्वा लाख सांगून गेला. नव्या जाळ्याला पैसे हवेच होते. मुलगा म्हणाला, "बाबा, देऊन टाकूया. जाळ्याला तेवढाच हातभार. जागा पण मोकळी होईल." बोलणे चुकीचे नव्हते. दादा तेव्हा ७६ वर्षांचे. ते काही बोलले नाहीत, उठून मागे गेले आणि गंजलेल्या केबिनमध्ये जाऊन बसले. जेवायला बोलावले तरी तासभर आले नाहीत.

रात्री भाऊ मुलाला म्हणाले, "दोन बंद्या दे मला. नाही चालू झाली, तर भंगारवाल्याला फोन मीच करतो."

लेलँड हे एका गावाचे नाव

आपल्यातल्या कित्येकांच्या बोटीत सहा सिलिंडरचे लेलँड आहे, पण हे नाव आले कुठून? इंग्लंडात लँकेशायरमध्ये लेलँड नावाचे गाव आहे. तिथे १८९६ मध्ये वाफेवर चालणाऱ्या गाड्या करणारी कंपनी निघाली आणि १९०७ पासून तिने गावाचेच नाव घेतले. आपल्याकडे १९४८ मध्ये अशोक मोटर्स निघाली ती ऑस्टिन मोटारी जोडायला. मग लेलँडशी करार झाला, मद्रासजवळ एन्नोरला कॉमेट ट्रक जोडले जाऊ लागले आणि १९५५ मध्ये कंपनीचे नाव अशोक लेलँड झाले.

इंजिनाच्या नावातला ३७० किंवा ४०० हा आकडा घनइंचाचा. ४०० घनइंच म्हणजे साधारण साडेसहा लिटर. ट्रकाचे हेच घराणे पुढे पाण्यात उतरले. बोटीवर आले की रेडिएटर आणि पंख्याच्या जागी समुद्राच्या पाण्यावर थंड करण्याची सोय येते, क्लच आणि गिअरबॉक्सच्या जागी मरीन गिअर येतो. आतले क्रँक, पिस्टन, नोजल, पंप आपल्या हाताखालचेच. भाऊंना धीर आला तो यामुळे. "गाडीचे इंजिन मला येत नव्हते," ते म्हणतात, "पण बोटीचे तीस वर्षे उघडतोय."

लेलँड गावात आज जुन्या ट्रक-बसगाड्यांचे संग्रहालय आहे. इंग्लंडात असे छंदवाले पुष्कळ. १९६२ पासून तिथे जुन्या मालवाहू गाड्या लंडनहून ब्रायटनला एकत्र चालवत नेतात. आपल्याकडे जुनी मोटार जपणारे बरेच आहेत, ट्रक जपणारा विरळाच. मोटार शेडमध्ये मावते, ट्रकाला अख्खे अंगण लागते.

पहिली बंदी: गंज आणि इंजिन

मासळीच्या गाडीचा शत्रू म्हणजे बर्फाचे खारे पाणी. हौद्यातून गळून ते वर्षानुवर्षे चॅसिसवर पडलेले. आपण बोटीच्या फळ्या ठोकून बघतो तसे भाऊंनी हातोडीने चॅसिस ठोकून पाहिले. चांगले लोखंड खणखणते, खाल्लेले बद्द वाजते. दोन्ही लांब पट्ट्या चांगल्या निघाल्या. मागच्या दोन आडव्या पट्ट्या आणि पाट्यांचे ब्रॅकेट गेलेले. तेवढे नवे करून बसवले. लांब पट्टीच्या वरच्या-खालच्या काठाला भोक पाडायचे नाही, आडवे वेल्डिंग करायचे नाही, कारण चॅसिस तिथूनच तुटते. हा नियम गॅरेजच्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितला.

इंजिनाला घाई केली नाही. इतकी वर्षे थांबलेल्या इंजिनाला सरळ स्टार्टर मारला तर अडकलेल्या रिंगा तुटतात, लायनर ओरखडतात. सहाही नोजल काढून त्या भोकांतून तेल सोडले आणि आठवडाभर तसेच ठेवले. मग रोज हाताने थोडे थोडे फिरवून पाहिले. नवव्या दिवशी पुली बोटभर हलली. भाऊ म्हणतात, "त्या रात्री मला झोप नाही."

पंप आणि नोजल दुकानात तपासून आणले. डिझेलच्या टाकीत तळाला डांबरासारखा चिखल होता, ती कापून साफ केली. घरच्या जुन्या बोटीचे मोडलेले इंजिन पडून होते, त्यातले रॉकर आणि ऑइल पंप कामाला आले. हेडही वापरायचे होते, पण खाऱ्या पाण्याने त्यातल्या पाण्याच्या वाटा खाऊन टाकलेल्या. ते परत ठेवून दिले. २८ जुलैला लाइनीतली हवा काढली, स्टार्टर मारला. पांढरा धूर, काळा धूर, आणि मग तो ओळखीचा आवाज. दादा ओट्यावर होते. बसल्या जागेवरून म्हणाले, "तीन नंबरचा टॅपेट वाजतोय." कव्हर काढून बघितले, तीन नंबरच होता.

दुसरी बंदी: जे आधी करायला हवे होते

आपल्याकडे पूर्वी ट्रक कंपनीतून चॅसिस म्हणून यायचा, केबिन आणि हौदा इथलाच सुतार बांधायचा. कुजलेल्या लाकडी केबिनसाठी भाऊंनी होड्या बांधणाऱ्या सुतारालाच बोलावले. त्याने सागवानाचा सांगाडा उभा केला, हौद्याला नव्या फळ्या आणि फाळका घातला. मग रंग. गाडी इतकी देखणी झाली की भाऊंना राहवेना. अंगणातच दोन फेऱ्या मारायला काढली.

अंगण खाडीकडे उतरते. भाऊंनी ब्रेक दाबला आणि काही झालेच नाही. गाडी चिऱ्याच्या भिंतीवर जाऊन थांबली. बंपर वाकला, भिंत पडली. त्या भिंतीवर दोन मिनिटांपूर्वी नातू बसला होता. आजीने भज्यांना हाक मारली म्हणून तो आत पळाला होता.

मागच्या अॅक्सलची ऑइल सील गळून ब्रेकचे लायनिंग तेलाने माखलेले. इंजिन झाले, रंग झाला, आणि ब्रेकचे ड्रम कोणी उघडून बघितलेच नव्हते.

दादा भावावर इतके चिडलेले घरात कोणी पाहिले नव्हते. "चालू काय कोणीही करतो रे! थांबते का ते आधी बघायचे!" त्या दिवसापासून ब्रेकचे काम दादांच्या नजरेखाली. ते खुर्ची टाकून बसायचे आणि एकेक नट मोजून घ्यायचे. सील नव्या, ड्रम लेथवर, लायनिंग नवे, हँडब्रेकची दांडी दुरुस्त. वाकलेला बंपर मात्र भाऊंनी सरळ करू दिला नाही. तो तसाच आहे.

टायरचेही तेच. ९.००-२० चे सहा नवे टायर घेतले. जुन्या डिस्कची लॉक रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती गोळीसारखी उडते, माणूस जागेवर जातो. ज्याच्याकडे पिंजरा आहे अशाच टायरवाल्याकडे हवा भरली. जेटीवर जुने ट्रक आणि ट्रॅक्टर हाताळणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवा.

कागद आणि खर्च

२०२१ पासून ५० वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी केंद्राचे वेगळे नियम आहेत. नंबरात व्हीए अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढे नूतनीकरणाला ५,०००. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. पण ते नियम दुचाकी आणि चारचाकी गाड्यांची भाषा बोलतात. सहा टायरवाल्याने पैसे घालण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. भाऊंनी जुनीच नोंदणी जिवंत केली, थकलेला कर आणि दंड भरला, विमा काढला. फिटनेसला पहिल्यांदा हँडब्रेकवर नापास, दुसऱ्यांदा पास. या फेऱ्यांत पाच महिने गेले.

एकूण खर्च विचारला तर भाऊ हसतात. भंगाराच्या भावाच्या कितीतरी पट, एवढेच सांगतात. वहिनी स्पष्ट बोलतात, "त्या पैशात जाळे आले असते. आले असते ते खरेच. पण हे दोघे भाऊ वीस वर्षांत एवढे बोलले नव्हते, ते या गाडीखाली बोलले." जाळे शेवटी कर्ज काढून घेतले. त्याचे हप्ते चालू आहेत.

अनमोड

गेल्या माघात वारा सुटला, बोटी दोन दिवस जेटीला होत्या. गाडी रिकामीच काढली. दादांचा परवाना कधीच संपलेला आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. स्टिअरिंगवर मुलगा बसला, त्याच्याकडे अवजड वाहनाचा परवाना आहे. दादा क्लीनरच्या बाजूला, भाऊ मध्ये.

हा गिअरबॉक्स आजच्या गाडीसारखा नाही. डबल क्लच लागतो. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, खालचा गिअर घ्यायचा असेल तर थोडा रेस, परत क्लच दाबून गिअर. वेळ चुकली की दात किरकिरतात. पॉवर स्टिअरिंग नाही, वळणावर खांद्याने ओढावे लागते. फोंड्यापर्यंत मुलाने इतक्या वेळा गिअर वाजवला की दादा म्हणाले, "बाबू, काट्याकडे बघू नको. कान दे. इंजिन सांगते कधी घ्यायचा ते." मोल्यानंतर किरकिर थांबली.

घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढला. मागून नवे ट्रक हॉर्न देत पुढे गेले. एक ड्रायव्हर मात्र बराच वेळ बरोबरीने चालला आणि हात करून गेला. वर पोचल्यावर दादांनी उतरून चारही ड्रमना हात लावून बघितला, मग चहा मागितला. उतरताना त्यांनी मुलाला एकच सांगितले. ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर, ब्रेकवर उतरू नको.

बेळगावपर्यंत गेले नाहीत. दादांची कंबर धरली होती. "पुढच्या खेपेला," असे म्हणून मागे फिरले.

ती खेप अजून झालेली नाही. दादांच्या डोळ्याचे ऑपरेशन या महिन्यात आहे. मुलगा दर रविवारी गाडी चालू करून पंधरा मिनिटे ठेवतो. त्याला कोणी सांगितलेले नाही.

मंडळी, भाऊंना जुन्या कॉमेटचा मीटरबोर्ड आणि पुढच्या जाळीवरची अक्षरे हवी आहेत. कोणाच्या माळ्यावर, शेडमध्ये, बेळगाव-खानापूरच्या पाहुण्यांकडे पडून असतील तर संस्थेच्या कार्यालयात कळवा. आणि घरामागे अशी एखादी गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी ती ज्याने चालवली त्याला एकदा विचारा. मग काय ठरवायचे ते ठरवा.