पाल्कोयोचे रंगीत पर्वत

साठी उलटली कीं उंच पर्वत हे आपल्यासाठीं नव्हेत, अशी आपल्याकडील गृहस्थांची व गृहिणींची समजूत होऊन बसते. गुडघे कुरकुरूं लागलेले असतात, जिना चढतांना दम लागतो; तेव्हां हिमाच्छादित शिखरें दिनदर्शिकेवरील चित्रांत पाहून समाधान मानावें, असें आपण मनाशीं ठरवून टाकतों. या समजुतीस अपवाद असें एक स्थळ दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत आहे. तेथें मोटार पंधरा हजार फुटांच्या वर नेऊन सोडते. पुढील चालणें जाऊन-येऊन दोन तासांच्या आंतबाहेरचें, आणि तेंही सौम्य चढाचें. एवढ्या श्रमांत तांबड्या, पिवळ्या व हिरवट पट्ट्यांचे पर्वत डोळ्यांपुढें उभे राहतात. सहली काढणारे लोक या सहलीस ‘सोपी’ हें विशेषण लावतात. आमच्या मतें तें अर्धेंच खरें आहे. वाट सोपी आहे. हवा सोपी नाहीं. हा भेद ज्यानें ध्यानांत धरिला त्याला या यात्रेचें सुख निर्वेधपणें लाभतें; ज्यानें धरिला नाहीं त्याची गत काय होते, तें पुढें सांगतों.

गतवर्षीं ऑगस्ट महिन्यांत आम्ही उभयतां व परदेशीं असलेले आमचे चिरंजीव असे तिघे तेथें जाऊन आलों. आपल्या देशांतून पेरूस थेट विमान जात नाहीं. युरोप वा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून वळसा घेऊन लिमा या राजधानीस पोंचावें लागतें. लिमा हें समुद्रकांठचें शहर. तेथून सव्वा तासाच्या विमानप्रवासानें कुस्को या इंका सम्राटांच्या जुन्या राजधानीस जातां येतें. कुस्कोची उंची सुमारें ३,४०० मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या लेह शहराएवढी. या नगरीस १९८३ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला.

कुस्कोच्या आग्नेयेस कांचिस प्रांतांत पाल्कोयो नांवाचे डोंगर आहेत. सर्वांत उंच दर्शनस्थळ सुमारें ४,९०० मीटर उंचीवर येतें. आपलें कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच. त्याच्या जवळजवळ तिप्पट ही उंची झाली. युरोपांतील माँ ब्लाँ शिखरही हिच्याहून ठेंगणें आहे! याच प्रदेशांत विनिकुंका नांवाचा अधिक प्रसिद्ध सप्तरंगी पर्वत आहे. सुमारें २०१५ सालापासून तेथें जगभरच्या प्रवाशांची रीघ लागली. परंतु त्याचें दर्शनस्थळ ५,००० मीटरांहून उंच असून शेवटचा चढ छातीवर येणारा आहे. पाल्कोयोस गर्दी कमी, चढ कमी, आणि एकाऐवजीं तीन रंगीत डोंगर दृष्टीस पडतात. उतारवयाच्या माणसांनीं कोणता निवडावा, हें निराळें सांगावयास नको.

या पर्वतांस हे रंग आले कोठून? आपल्या संस्कृत कवींस पर्वतांवरील धातूंचें वर्णन फार प्रिय. हिमालयावरील धातूंच्या लालीमुळें अवेळींच सांज झाल्याचा भास होतो, अशी कल्पना कालिदासानें कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत केली आहे. विद्यार्थ्यांस तो सर्ग शिकवितांना आम्हांस ती निव्वळ उत्प्रेक्षा वाटत असे. पाल्कोयोस ती प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. तांबडा रंग लोहाच्या गंजाचा, म्हणजे आपल्या परिचयाच्या गेरूचा, ज्यास संस्कृतांत गैरिक म्हणतात. पिवळा रंगही लोहाचाच, परंतु पाण्याशीं संयोग पावलेल्या लोहाचा. हिरवट पट्टे लोह व मॅग्नेशियम असलेल्या चिकणमातीचे, आणि पांढुरके पट्टे चुन्याचे व गारगोटीच्या वाळूचे. हे थर कोट्यवधि वर्षांपूर्वीं पाण्याच्या तळाशीं एकावर एक आडवे सांचले. पुढें पॅसिफिक महासागराच्या तळाचा एक प्रचंड खंड दक्षिण अमेरिकेच्या खालीं शिरूं लागला. त्या रेट्यानें आँडीज पर्वत वर उचलले गेले आणि आडवे थर तिरपे व उभे झाले. ऊन, पाऊस व हिम यांनीं माथे झिजविले, तेव्हां आंतील पट्टे उघडे पडले. थरांची वडी सुरीनें तिरपी कापली म्हणजे जशी दिसते, तसाच हा प्रकार.

आतां हवेविषयीं. उंचावर प्राणवायूचें प्रमाण घटतें असें आपण बोलतों, तें शब्दशः खरें नव्हे. हवेंत तो सर्वत्र शेंकडा २१ च असतो. घटतो तो हवेचा दाब. कुस्कोस तो समुद्रकांठच्या सुमारें दोनतृतीयांश असतो व पाल्कोयोस निम्म्याहून किंचित् अधिक. म्हणजे तेथें घेतलेल्या एका श्वासांत घरच्या श्वासाच्या निम्माच प्राणवायु मिळतो. शरीर यावर उपाय करूं शकतें. श्वासोच्छ्वास वाढवितें, रक्ताची घडण हळूहळू बदलतें. परंतु त्यास दिवस लागतात. तास पुरत नाहींत. आणि दंडांतील बळाचा किंवा तारुण्याचा येथें कांहीं उपयोग नाहीं.

आमच्या गाडींतच याचा दाखला मिळाला. एक तिशीच्या आंतील, कसलेल्या शरीराचे गृहस्थ आदल्या दिवशीं दुपारीं लिमाहून विमानानें येऊन दुसऱ्या पहांटे सहलीस निघाले होते. अर्ध्या वाटेवर त्यांचें डोकें ठणकूं लागलें, वांत्या झाल्या, आणि गाडी थांबली तेव्हां त्यांस उभें राहवेना. वाटाड्यानें त्यांस नळकांड्यांतील प्राणवायु दिला व वेळ न दवडितां गाडीनें खालच्या गांवीं पाठविलें. खालीं उतरतांच त्यांस आराम पडला. परंतु पर्वत पाहावयाचे राहिले ते राहिलेच. आम्ही म्हातारीं माणसें मात्र आधीं उरुबांबाच्या खोऱ्यांत, म्हणजे कुस्कोहून खालच्या सुमारें २,९०० मीटर उंचीवर, दोन दिवस व मग कुस्कोस तीन दिवस राहून आलों होतों. त्या पांच दिवसांत आम्हीं विशेष कांहींच केलें नाहीं; सावकाश हिंडलों, पाणी भरपूर प्यालों, रात्रीं हलकें जेवलों. सहलीची खरी तयारी ती हीच.

सहल पहांटे सहाच्या सुमारास निघते. विल्कानोता नदीच्या खोऱ्यांतून चांगल्या सडकेनें दोनएक तासांत चेकाकुपे हें गांव येतें. येथें नदीवर तीन काळांचे तीन पूल जवळजवळ दिसतात: इंका पद्धतीचा दोरांचा, स्पॅनिश अमदानींतला दगडी कमानीचा, आणि आजचा. पुढें कच्चा रस्ता डोंगरांत शिरतो. शेतांच्या पायऱ्या, मातीच्या विटांचीं घरें, लामा व अल्पाका यांचे कळप मागें पडत जातात. पावसाळ्यांत येथील नदी डोंगरांची माती वाहून आणते आणि पाणी कुंकवाप्रमाणें लाल होतें. आम्ही गेलों तो कोरडा ऋतु असल्यानें पाणी बेताचें होतें. मे ते ऑक्टोबर हा काळ कोरडा व म्हणून उत्तम. एरवीं पाऊस वा हिम पडून रंगच झांकले जाण्याचा संभव असतो.

चालण्यास आरंभ करण्यापूर्वीं आमच्या वाटाड्यानें कोकाचीं तीन पानें पंख्याप्रमाणें बोटांत धरून त्यांवर हळूच फुंकर घातली व औसंगाते या हिमशिखराच्या दिशेनें तीं उंच धरिलीं. तो केचुआ जातीचा होता. त्या लोकांत मोठ्या पर्वतांस ‘अपु’, म्हणजे स्वामी, व पृथ्वीस ‘पाचामामा’ म्हणतात. सकाळीं भूमीवर पाय ठेवण्यापूर्वीं तिची क्षमा मागण्याचा परिपाठ ज्या घरांत आहे, तेथील माणसांस हा विधि परका वाटण्याचें कारण नाहीं.

वाट रुंद व स्वच्छ आहे. तीस पावलें चालावें, थांबावें, श्वास पुरा घ्यावा, पुन्हा चालावें, असा वाटाड्याचा नियम. चालतांना बोलूं नये, हाही नियम. आणि आमच्यासारख्या जन्मभर वर्गांत बोलत आलेल्या माणसास तोच अधिक कठीण गेला. पहिल्या दर्शनस्थळापासूनच पट्ट्यांचे डोंगर दिसूं लागले. दुसऱ्या स्थळीं उत्तरेकडे ६,३०० मीटरांहून उंच असा औसंगाते बर्फानें झळकत होता. पुढें थोड्या चढावर दगडांचें वन आहे. झिजून सुळक्यांसारखे झालेले खडक तेथें दाटीनें उभे आहेत. तें पाहण्याची आमच्या सौभाग्यवतींस फार हौस होती.

परंतु येथें वाटाड्यानें बोटास लावण्याचें लहान यंत्र काढून प्रत्येकाच्या रक्तांतील प्राणवायु पाहिला. सौभाग्यवतींचा आंकडा त्यास पसंत पडला नाहीं. त्यांस स्वतःला विशेष त्रास जाणवत नव्हता; पण त्यांचा एक पाय जरा अडखळत पडत होता, तें आमच्या आधीं त्याच्या ध्यानांत आलें होतें. तो आदरानें पण ठामपणें म्हणाला, “मामिता, आपण येथेंच बसावें.” मामिता म्हणजे माउली. चिरंजीवांनीं अर्थ सांगितला. आम्हांस वाटलें, एवढ्या दूर येऊन शंभर पावलांसाठीं अडविलें म्हणून आतां रुसवा होणार. परंतु त्या एका खडकावर बसल्या, शाल आवळून घेतली व म्हणाल्या, “देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत पोंचलें नाहीं तरी कळसाचें दर्शन घडतेंच कीं. तुम्ही जा हवें तर.” आम्हीही त्यांच्याजवळच बसलों, चिरंजीव एकटेच पुढें गेले. त्या अर्ध्या तासांत ढगांच्या सावल्या त्या पट्ट्यांवरून सरकत होत्या, आणि प्रत्येक सावलीबरोबर तांबड्याचा जांभळा व पिवळ्याचा उदी रंग होत होता. चालत राहिलों असतों तर तें दिसलें नसतें.

वाटाड्या हा केवळ वाट दाखविणारा नव्हे, हें यावरून समजावें. येथें वाट चुकण्यासारखी नाहींच. त्याचें खरें काम माणसें पाहण्याचें आहे. म्हणून सहल ठरवितांना भाड्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: बरोबर प्राणवायु असतो काय, रक्तांतील प्राणवायु मोजण्याचें यंत्र असतें काय, आणि कोणास त्रास झाल्यास गाडी तत्काळ खालीं नेतां येते काय. उत्तरें सरळ न मिळाल्यास दुसरीकडे जावें.

शाकाहारी मंडळींनीं आदल्या दिवशींच तसें कळवावें. अडचण पडत नाहीं. बटाटा हा मूळचा याच डोंगरांतला असून त्याच्या असंख्य जाती येथें पिकतात. किनोआ हें तेथील धान्य आपल्या चाकवताच्या कुळांतलें, आणि ‘किविचा’ म्हणजे आपल्या राजगिऱ्याचाच भाऊ. आपल्या उपासाच्या फराळांतील बटाटा, रताळें, शेंगदाणा, मिरची, फार काय साबुदाणा ज्याच्या कंदापासून होतो तें झाडही, सर्व अमेरिका खंडांतून आलेलें आहे. तेव्हां तेथें उपास घडला तरी तो यथाशास्त्रच म्हणावा लागेल!

आणखी कांहीं सूचना. हृदयाचा, फुप्फुसांचा वा रक्तदाबाचा विकार, अथवा पांडुरोग असलेल्यांनीं निघण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावांचून जाऊं नये. उंचीच्या त्रासावर ॲसिटाझोलामाइड नांवाच्या गोळ्या देतात. त्याही डॉक्टरांनीं सांगितल्या तरच घ्याव्या. डोकें दुखणें व मळमळ हीं पहिलीं लक्षणें. तीं असतां अधिक वर चढूं नये. तोल जाणें, भ्रम, किंवा बसल्या जागीं दम लागणें हीं धोक्याचीं. तीं दिसतांच खालीं उतरावें, दुसरा उपाय शोधीत बसूं नये. ऊन कडक व वारा बोचरा असतो. म्हणून टोपी, काळा चष्मा व लोकरीचे कपडे तिन्ही हवेत. कोकाच्या पानांचा चहा तेथें सर्रास देतात व तो तेथील कायद्यास धरून आहे. परंतु तीं पानें आपल्या देशांत आणणें गुन्हा आहे, हें विसरूं नये. रंगीत उतारांवर पाऊल ठेवूं नये; माती भुसभुशीत आहे, आणि उमटलेली खूण लवकर बुजत नाहीं.

प्रवेशाचें शुल्क तेथील गांवकरी गोळा करतात. तें देतांना घासाघीस करणें आपल्यास शोभत नाहीं. या रंगांखालीं धातु आहेत, आणि जेथें धातु तेथें खाणवाल्यांची दृष्टि जाते. २०१८ सालीं विनिकुंकाच्या परिसरांत एका परदेशी कंपनीस खनिजशोधाचा परवाना मिळाला होता. बोभाटा झाल्यावर तो सोडण्यांत आला, आणि २०१९ सालीं पेरू सरकारनें औसंगातेचा प्रदेश संरक्षित म्हणून जाहीर केला. डोंगर उभा राहण्यांत गांवचा चरितार्थ असेल, तरच तो डोंगर उभा राहील. प्रवाशाचे चार पैसे त्या कामीं लागतात.

सारांश, ज्यांस एक मैल सावकाश चालतां येतें व ज्यांचें हृदय निकोप आहे, त्यांनीं वयाची सबब सांगूं नये. खर्च जमत असेल तर आधींचे पांच दिवस त्यांत अवश्य धरावे. तेवढे दिवस नसतील तर बेतच रहित करावा. आणि वाटाड्या ‘येथें बसा’ म्हणाला, तर बसावें. तेथूनही पुष्कळ दिसतें.